हॉल बघायला

"हा आवाज तुमच्या वडिलांना नाही, खालच्या मजल्याला ऐकू येईल."

मागून कोणीतरी बोललं आणि रंजिताने वळून पाहिलं.

वाशीच्या त्या मोठ्या दुकानात सेल्समन तिला वीस मिनिटं झाली एक लांबट साउंडबार दाखवत होता. सोबत माठाएवढा वूफर. पडद्यावर गाड्या उडत होत्या, पायाखालची फरशी थरथरत होती आणि "फुल थिएटर फील, मॅडम," हे त्याचं पालुपद चालू होतं. मध्येच बोललेला माणूस बिलाच्या रांगेत उभा होता. तिशीच्या थोडा पुढचा, चौकड्यांचा शर्ट, हातात एक वायर, कानामागे पेन्सिल.

"तुम्हाला कोणी विचारलं?" रंजिता म्हणाली.

"कोणी नाही. चुकलंच." तो खरंच ओशाळला. "पण तुम्ही मगाशी यांना सांगत होता ना, वडिलांना बोललेलं कळत नाही म्हणून. मग राहवलं नाही."

सेल्समनने त्याच्याकडे रागाने बघत वूफर अजून एक घर वाढवला. काचेचं कपाट खुळखुळलं. रंजिताला आता त्या माणसापेक्षा त्या कपाटाचं म्हणणं जास्त पटलं.

तिने काहीच घेतलं नाही. खाली आली तर तो बाइकला किक मारत होता.

"अहो... मग काय घ्यायचं?"

त्याने बाइक बंद केली. "बोलणं ऐकायचंय ना? मग मधला स्पीकर चांगला घ्यायचा. सिनेमात माणसं बोलतात ती बहुतेक मधल्या स्पीकरमधून. बाकीचे सगळे गोंधळ घालायला."

"आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि ते तिच्या लक्षात राहिलं.

त्याचं नाव कृष्णात. मूळचा कागलजवळचा, दहा वर्षं इकडे. नावड्यात त्याचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं छोटं दुकान होतं. रंजिताने त्याचा नंबर घेतला आणि घरची बस धरली.

तिची आई जाऊन चौदा महिने झाले होते. वडील ज्योतिबा बत्तीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. मशीनने कान खाल्ले. आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. सिनेमा बघताना आई शेजारी बसायची आणि कोण काय बोललं ते सांगायची. ती गेली आणि बाबांनी टीव्हीसमोर बसणं सोडलं. जेवले की आतल्या खोलीत. कानाचं यंत्र कपाटात पडून होतं. त्यातून भांडी ऐकू येतात, माणसं नाही, असं त्यांचं म्हणणं. करंजाड्याच्या त्या सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रंजिता एकटीच बसायची. आत्याने दोन स्थळं आणली, दोन्ही वेळा तिने विषय बदलला. बाबांना असं खोलीत सोडून जायचं कुठे? त्यांनी परत हॉलमध्ये येऊन बसावं, तिच्याबरोबर एक तरी सिनेमा बघावा, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसातून कंपनीच्या बसने परतताना तिने त्याला मेसेज केला. उत्तर आलं, "हॉलचं चित्र काढून पाठवा. कोण कुठे बसतं ते लिहा."

"सामान काय घ्यायचं ते सांगा ना. चित्र कशाला?"

"आधी माणसं, मग सामान. माझी पद्धत आहे."

तिने वहीच्या पानावर चित्र काढून फोटो पाठवला.

"ही होडी कसली?"

"सोफा आहे तो!"

"बरं. आणि होडीच्या बाजूला हा दगड?"

"बाबांची खुर्ची. तुम्हाला कॉम्प्युटर जोडता येतो ना नक्की? की डोळ्यांपासून सुरुवात आहे?"

बसमध्ये ती एकटीच हसत होती. शेजारच्या सीटवरची मुलगी बघायला लागली तेव्हा तिने फोन पालथा ठेवला.

पुढचे दहा दिवस असेच गेले. त्याचं म्हणणं, टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर ठेवू. आईच्या वेळच्या सगळ्या सीडी त्यात उतरवून घेऊ. कॉम्प्युटर असला की माणसांचं बोलणं वर आणि संगीत खाली करता येतं, बोलण्याचा वेगही थोडा कमी करता येतो. साध्या टीव्हीला ते नीट जमत नाही. रंजिता बसमधून एकेक फोटो पाठवायची. एकदा तिने लाल-निळ्या दिव्यांचा, काचेचा कॉम्प्युटर-कॅबिनेट पाठवला.

"हा छान आहे ना?"

"छान आहे. यात वरात पण निघेल."

"मग तुमचा दाखवा."

त्याने एका काळ्या, चपट्या डब्याचा फोटो पाठवला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा.

"किती रुक्ष!"

"याचा पंखा मोठा आहे, म्हणून हळू फिरतो, म्हणून आवाज नाही. सिनेमात दोघं हळू बोलत असले की मध्ये कॉम्प्युटर घरघरायला नको."

"दिसायला चांगला पण आणि शांत पण, असं नाही मिळत का?"

"माणसांत मिळालं नाही अजून, डब्यात कुठून मिळणार?"

तिने फोन पिशवीत टाकला, परत काढला. मग लिहिलं, "शोधलं नसेल नीट."

त्याच्याकडून 'टाइप करत आहे' असं तीनदा दिसलं आणि शेवटी आलं, "वेगळं ग्राफिक कार्ड नको. काकांना गेम खेळायचेत का?"

हळूहळू यादी ठरली. साधा प्रोसेसर, सोळा जीबी मेमरी, कॉम्प्युटर झटकन सुरू व्हावा म्हणून एक एसएसडी, सिनेमे ठेवायला मोठी हार्ड डिस्क. मधला स्पीकर चांगल्यातला, बाजूचे दोन साधे, आणि ते चालवायला एक अॅम्प्लिफायर. वूफर नाही. मोठ्या बटणांचा रिमोट. यादी संपली तेव्हा रंजिताला चुकल्यासारखं वाटलं. आता बसमध्ये काय पाठवायचं?

त्याचाच मेसेज आला. "रविवारी अकराला येऊन हॉल बघतो. चित्रावर माझा भरवसा नाही."

शनिवारी सकाळी बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. रंजिता दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "बाबा, उद्या..." आणि नेमकं डोक्यावरून विमान गेलं. नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून बोलता बोलता थांबायची तिला सवय लागली होती, पण तेव्हा ती घाईत होती. तिने वाक्य तसंच पूर्ण केलं. "...हॉल बघायला येणार आहेत. नावड्याचा मुलगा आहे. चांगला आहे."

बाबांच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. "उद्या?"

"हो, अकराला."

"तुझं तू ठरवलंस?"

"हो. तुम्हाला चालेल ना?"

बाबांनी टॉवेल झटकला आणि दोरीवर घातला. "चालेल की. न चालायला काय झालं!" चौदा महिन्यांत त्यांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. तिला वाटलं, सिनेमा बघायचा म्हणून खूश झाले.

रविवारी ती कोथिंबीर घेऊन परत आली तर बाबांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आणि आई गेल्यापासून ओट्यापाशी उभे न राहिलेले बाबा कढईत पोहे परतत होते.

"एवढं कशाला, बाबा?"

"अगं, पहिल्यांदा येतायत."

बेल वाजली. कृष्णात दारात उभा होता. खांद्याला पिशवी, हातात मोजायची टेप. बाबांनी त्याच्या मागे जिन्याकडे वाकून पाहिलं.

"एकटेच? घरचं कोणी नाही?"

"नाही काका, मी सगळीकडे एकटाच जातो."

"बसा, बसा. रंजिता, पाणी आण." बाबा समोर बसले. "आई-वडील?"

"आई गावी असते. वडील नाहीत, मी कॉलेजला असतानाच गेले." प्रश्नाचं त्याला थोडं नवल वाटलं, पण वयस्कर माणसं विचारतात.

"गाव कुठलं म्हणालात?"

तो बाबांकडे तोंड करून, नीट शब्द सुटे करत बोलला. "कागलजवळ."

"आम्ही शिराळ्याचे! म्हणजे आपल्याकडचेच. शिक्षण?"

"आयटीआय. इलेक्ट्रॉनिक्स."

"झकास. मी पण आयटीआय. राहायला?"

"नावडे कॉलनीत. वन बीएचके. छोटा आहे, पण हवा चांगली येते."

रंजिता स्वयंपाकघरात प्लेटमध्ये पोहे वाढत होती. तिचा हात सावकाश थांबला. तिने कान दिला.

"स्वयंपाक येतो?" बाबा विचारत होते. "नाही, म्हणजे हल्ली मुलालाही यायला पाहिजे. मला उशिरा कळलं."

"भात-आमटी येते. चपातीचा नकाशा होतो."

"व्यसन?"

इथे कृष्णातला उलगडा होऊ लागला. रंजिता ट्रे घेऊन दारात आली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. ट्रेमधल्या पोह्यांकडे पाहिलं, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. त्याचे कान लाल झाले.

"बाबा..." रंजिता म्हणाली.

कृष्णातने डोळ्यांनीच तिला थांबवलं. मग बाबांकडे वळून म्हणाला, "चहा. दिवसातून सहा वेळा. कमी करेन म्हणतो, होत नाही."

बाबा खळखळून हसले. पोहे खारट झाले होते. कृष्णातने दोनदा घेतले.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तो ज्या कामाला आला होता ते काम होतंच. खाणं झाल्यावर तो हळूच उठला आणि टीव्हीच्या भिंतीला टेप लावली.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"भिंत मोजतो, काका. स्पीकर बसवायला."

"कसला स्पीकर?"

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "बाबा," रंजिता त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "मी म्हटलं होतं, हॉल बघायला येणार आहेत. हॉल. तुमच्यासाठी सिनेमाचं सगळं बसवतोय आपण. हे त्यासाठी आलेत."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रिकाम्या प्लेटा उचलल्या, सिंकमध्ये ठेवल्या, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसानंतर ते गॅलरीतही येईनात. रंजिताने ताट आत नेऊन दिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मशीन आणू नकोस. परक्या माणसासमोर हसं झालं माझं, तेवढं पुरे."

तिने कृष्णातला मेसेज केला. "ऑर्डर थांबवा. सॉरी."

"ठीक आहे. काकांना सांगा, पोहे चांगले होते."

मग काही आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बस ऐरोलीहून निघायची आणि रंजिता फोन हातात धरून बसायची. बाबांचं दार बंद होतं आणि इकडे हेही बंद झालं होतं. यातलं कुठलं जास्त लागतंय ते तिला सांगता आलं नसतं. गुरुवारी तिने हाफ डे टाकला आणि नावड्याला उतरली.

दुकान एका गाळ्यात होतं. कृष्णात रस्त्याकडे पाठ करून बसला होता. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वर कारखान्यात घालतात तसले जाड कर्णरोधक. समोर तो चपटा काळा डबा जोडलेला होता. पडद्यावर एक बाई आणि एक पुरुष बोलत होते. तो थोडं ऐकायचा, माउस हलवायचा, मागे जायचा, परत ऐकायचा आणि पेन्सिलीने कागदावर काहीतरी लिहायचा.

"अहो," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "कृष्णात!"

त्याला पत्ताच नव्हता. रंजिता त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर तिला बोलता आलं.

"त्या दिवशी बाबा विचारत होते तेव्हा मी आतून सगळं ऐकत होते. तुमचं एकेक उत्तर आलं की मला बरं वाटत होतं. वाटत होतं... बाबांनी ऐकलं तेच खरं असतं तर."

त्याने अचानक मागे पाहिलं आणि धडपडत कानातलं सगळं काढलं. "अरे! कधी आलात? काय म्हणालात?"

"काही नाही. हे काय चाललंय?"

"काकांना कसं ऐकू येत असेल ते बघत होतो. चार दिवस बसलोय. मधले बरेच शब्द बुडतात, 'स' आणि 'श' तर पार जातात. ते वर काढलेत, वेग थोडा कमी केलाय."

"पण मी ऑर्डर थांबवायला सांगितली होती."

"ऑर्डर थांबवली की. काम चालू ठेवलं." त्याने कापसाचा बोळा बोटांत फिरवला. "चहावाला आला की मी त्याला दोनदा विचारायचो, काय म्हणालास? तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, जाऊ दे शेठ, काही नाही. मला फार लागलं ते. माझ्या कानात तर कापूस होता, काढला की झालं. काकांचं काय होत असेल?"

रंजिताने मान वळवली. ती रस्त्याकडे बघत राहिली.

"शनिवारी येऊ?" तो म्हणाला. "काकांशी बोलायचंय."

"सेटिंगबद्दल?"

"तेही."

शनिवारी चारला तो दुकानातला डबा आणि स्पीकर घेऊन आला. बाबांचं दार बंदच होतं. तासाभरात त्याने सगळं मांडलं. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला आणि बाबांच्या खुर्चीकडे तोंड होईल असा किंचित वर कलवला. कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा तो सुरू झालाय हे रंजिताला कळलंही नाही. मग तो उठला, हात पुसले आणि बाबांच्या दारावर टकटक केली. ऐकू गेलं नसणार. त्याने दार ढकललं आणि आत गेला. बाबा खाटेवर बसले होते. त्याने स्टूल ओढलं आणि खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल असा बसला.

"काका, त्या रविवारी मी हॉल बघायला आलो होतो. आज रंजितासाठी आलोय. मला ती आवडते. लग्न करायचंय. तुम्ही विचारलेलं सगळं मी खरं सांगितलं होतं, एकही उत्तर बदलायचं नाही."

बाबांनी हाताचा पंजा कानामागे नेला. "काय?"

रंजिता दाराबाहेर येऊन उभी होती. एवढं बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते तिला आवाजावरूनच कळलं होतं.

कृष्णातने श्वास घेतला आणि सगळं परत सांगितलं. या वेळी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. समोरच्या फ्लॅटमधला मिक्सर बंद झाला.

बाबांनी कानामागचा हात खाली घेतला.

"पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

"मग, काका...?"

"दुसऱ्यांदा विचारलं की लोक म्हणतात, जाऊ दे, काही नाही. तू तसं म्हणाला नाहीस." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, गरज नसताना. "माझी मंडळी होती तशी. दहादा विचारलं तरी दहादा सांगायची." मग उठले. "आता मला काय सांगतोस? तिला विचार. ती दाराआड उभी आहे. पाय दिसतायत."

रंजिता पुढे आली. "बाबा, पण तुम्ही एकटे..."

"मला मध्ये घेऊ नकोस. तुझं सांग त्याला." आणि ते दोघांच्या मधून वाट काढत हॉलमध्ये गेले.

पॅसेजमध्ये दोघंच राहिले.

"दुकानात काहीतरी म्हणालीस तू," कृष्णात म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"हाक मारली."

"पडद्याच्या काचेत तुझे ओठ हलताना दिसले, म्हणून तर वळलो. एवढी लांब हाक नसते. मी विचारलं, तर म्हणालीस, काही नाही."

रंजिताने खाली पाहिलं, मग वर पाहिलं. तिला पळून जावंसं वाटत होतं आणि कुठे जायचं नव्हतं.

"म्हटलं होतं, बाबांनी ऐकलं तेच खरं असतं तर बरं झालं असतं." या वेळी तिने वाक्य सोडलं नाही. "मलाही तू आवडतोस. बसमध्ये फोन बघून बघून मान दुखते माझी. आणि बाबांना भेटायला मी दर रविवारी येणार, ते आधीच सांगते."

"मी पण येणार. पोहे मी करतो."

"अरे, हे कुठलं बटण?" हॉलमधून बाबांचा आवाज आला.

कृष्णातने जाऊन एक जुना विनोदी सिनेमा लावून दिला. बाबा त्यांच्या खुर्चीत, ही दोघं सोफ्यावर, मध्ये एक उशी ठेवून. पडद्यावर सासरा जावयाला काहीतरी सुनावत होता. रंजिताचा हात उशीवर होता. कृष्णातने आपला हात तिथेच, बोटभर अंतरावर ठेवला... मग ते अंतरही राहिलं नाही.

तेवढ्यात बाबा मोठ्याने हसले.

दोघांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. विनोद होऊन गेला होता.

"काय म्हणाला तो, बाबा?" रंजिताने विचारलं.

बाबांनी सिनेमा थांबवला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.